हरभऱ्याचा दाणा आणि गळाचा इतिहास

चणे आहेत तर दात नाहीत, आणि दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण आपण माणसाच्या नशिबाला लावतो. पण जगात एक प्राणी असा आहे की, ज्याच्या जबड्यात एकसुद्धा दात नाही, आणि तरी तो चणे आवडीने फोडून खातो. तो प्राणी म्हणजे मासा. सगळेच मासे नव्हेत. कार्प माशाचे जे मोठे कूळ आहे, त्यातले पुष्कळ. आपल्याकडचे रोहू, मृगळ आणि सह्याद्रीच्या नद्यांतली खडशी ही मंडळी ह्याच कुळातली. ह्यांचे दात तोंडात नसतात, घशात असतात. दाणा घशापर्यंत न्यायचा, तिथले दात आणि वरचा कठीण पाट ह्यांच्यामध्ये धरायचा, आणि जात्यात भरडावा तसा भरडायचा, अशी त्यांची रीत. शंखशिंपल्यांची कवचे जो फोडतो, त्याला भिजलेला हरभरा काय जड आहे?

ह्याच दाण्याची आणि गळाची हकीगत मी तुम्हांला सांगणार आहे. कोणी म्हणेल, इतिहास म्हणजे राजे आणि लढाया. गळाला हरभरा लावण्यात कसला आला इतिहास? पण माणसाने पाण्यातल्या जिवाला कसे ओळखले, त्याला फसवले कसे, आणि राखले कसे, हाही इतिहासच आहे. तो ग्रंथांत आहे, कायद्यांत आहे, आणि आपल्या गावच्या डोहातही आहे.

हरभरा हे फार जुने धान्य आहे. आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात आणि त्याच्या आसपास माणसाने जी धान्ये प्रथम पेरली, त्यांत हे एक. तिथून तो दोन्ही दिशांना गेला. रोमन लोक त्याला 'किकेर' म्हणत. त्यांचा थोर वक्ता सिसेरो ह्याचे घराण्याचे नाव ह्या दाण्यावरूनच पडले. त्याच्या कोणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती, असे प्लुटार्क सांगतो. पूर्वेकडे आपल्या देशात तो इतका रुजला की, आज जगात सर्वांत जास्त हरभरा भारतातच पिकतो. आपल्याकडे त्याचा हुळा झाला, फुटाणे झाले, डाळ झाली, पुरण झाले. आणि मराठ्यांच्या पागेत घोड्यांची चंदीही झाली. माणूस, घोडा आणि मासा ह्या तिघांनाही रुचणारा दाणा विरळाच.

गळही काही कालचा नव्हे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत तांब्याचे गळ मिळाले आहेत. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षे आपल्या देशात माणूस काठावर बसून पाण्याकडे डोळे लावतो आहे. पण गळाला काय लावावे, कोणत्या माशाला काय आवडते, हे लिहून ठेवणारा माणूस पुष्कळ उशिरा आला. आणि गंमत अशी की, तो कोळी नव्हता, भोई नव्हता; तो राजा होता.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला सोमेश्वर तिसरा, हा तो राजा. ही कल्याणी म्हणजे आपले मुंबईजवळचे कल्याण नव्हे. बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. त्या काळी महाराष्ट्राचा मोठा भाग ह्याच घराण्याच्या अमलाखाली होता. सोमेश्वराने शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणे, अशी शंभर प्रकरणे आहेत. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे येथपासून स्वयंपाक, हत्ती, मल्लयुद्ध, गाणे, चित्रकला येथपर्यंत सगळे त्यात आहे. महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात, ही नोंद ह्याच ग्रंथात सापडते. म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो विशेष जवळचा.

ह्या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. त्यात राजाने पस्तीसच्या आसपास माशांची नावे दिली आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवले असलेले कोणते, नसलेले कोणते, अशी त्यांची विभागणी केली आहे. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, ते सांगितले आहे. कोणाला धान्यापासून केलेले खाद्य, कोणाला मांस. आणि मग दोरी, काठी, गळ आणि मासा ओढण्याची कला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी माशाची जात ओळखा, मग त्याची भूक ओळखा, आणि गळ सर्वांत शेवटी.

हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला; त्याचा पहिला भाग १९२५ साली निघाला. मत्स्यविनोदाचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास मात्र डॉ. सुंदरलाल होरा ह्या प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञांनी केला, आणि तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. राजाने लिहिल्यापासून मत्स्यशास्त्राची नजर त्या पानांवर पडेपर्यंत आठशे वर्षे गेली! मधल्या काळात ती विद्या नाहीशी झाली होती असे नव्हे. ती भोयांच्या आणि कोळ्यांच्या हातांत होती, बापाकडून मुलाकडे जात होती. ती कागदावर मात्र आली नाही.

आता ह्याच विद्येचा दुसरा धागा पाहण्यासाठी आपण इंग्लंडात जाऊ. कारण गळ लावण्याच्या कलेवर तिथे जितके लिहिले गेले, तितके क्वचितच दुसरीकडे लिहिले गेले असेल. आणि हरभऱ्याला आमिष म्हणून मान मिळाला तोही तिथेच.

इंग्लंडात गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग करतात. सामन आणि ट्राउट हे कुलीन मासे. ते धरायचे तर पिसांची खोटी माशी गळाला बांधायची, आणि नदीकाठच्या हक्कासाठी पैसे मोजायचे. बाकीचे सगळे 'कोर्स' मासे, म्हणजे आपल्या भाषेत जाडेभरडे मासे. कार्प, टेंच, ब्रीम, रोच हे सगळे त्यात आले. कुलीन मासे जमीनदारांचे, आणि जाडेभरडे मासे गिरणीकामगारांचे, असाच बराचसा रिवाज पडला. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या सुरू झाल्या, तेव्हा बर्मिंगहॅम, शेफील्डसारख्या शहरांतले कामगार सुटीच्या दिवशी काठ्या घेऊन कालव्यांच्या आणि नद्यांच्या काठी जाऊ लागले. त्यांनी आपली मंडळे काढली. ह्या गरीब गळकऱ्याचे आमिषही गरिबाघरचेच: पावाचा गर, पिठाचा गोळा, शिजवलेला गहू, गांडूळ.

इंग्रजीत गळावरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ साली निघाला. जुलियाना बर्नर्स नावाच्या एका जोगिणीच्या नावावर तो सांगितला जातो. कार्प हा मासा उत्तम, पण देशात तो फार थोडा आहे, असे त्यात म्हटले आहे. कार्प हा मूळचा इंग्लंडचा नव्हेच. तो युरोपातून आणून तळ्यांत पाळलेला. ख्रिस्ती लोकांना उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासा चालतो. म्हणून मठांच्या आणि वाड्यांच्या आवारात माशांची तळी असत. ह्या जुन्या ग्रंथातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गळ कसा करावा हे सांगून झाल्यावर त्यात गळकऱ्याला ताकीद दिली आहे की, हाव धरू नको, एका वेळी फार मासे मारू नको, आणि कोणाच्या शेताचे कुंपण मोडू नको. आमिषाची विद्या आणि हावेला आवर, ही दोन्ही एकाच ग्रंथात आली.

त्यानंतर १६५३ साली आयझॅक वॉल्टन ह्याचा 'द कम्प्लीट अँग्लर' हा ग्रंथ निघाला. वॉल्टन लंडनमधला एक व्यापारी होता. देशात नुकतेच यादवी युद्ध होऊन राजाचा शिरच्छेद झालेला. अशा काळात ह्या माणसाने शांतपणे नदीकाठी बसण्यावर पुस्तक लिहिले. ब्रीम माशासाठी तो सांगतो की, भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, शिजवून संध्याकाळी पाण्यात टाकावे, आणि भल्या पहाटे हळूच गळ घेऊन यावे. पाहा, राजा सोमेश्वराने जिथे बोट ठेवले होते, तिथेच हा व्यापारीही आला. आधी खाऊ घाला, मग गळ टाका. दोघांच्या मध्ये पाचशे वर्षे आणि सात समुद्र. एकाने दुसऱ्याचे नावही ऐकले नसेल. मासा सारखाच, म्हणून विद्याही सारखीच.

पण कार्प मासा मोठा झाला की तो काही केल्या गळाला लागत नाही, अशीच इंग्लंडात समजूत होती. ती मोडली हेरफर्डशायरमधल्या रेडमायर नावाच्या एका तळ्यावर. तळे केवढे? तीनेक एकरांचे. १९३४ साली त्यात पन्नास लहान कार्प सोडले होते. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर ह्याने तिथे ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोंचा कार्प धरला. आमिष काय, तर पाव आणि पिठाचा गोळा. त्याने तो मासा मारला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाकडे दिला, आणि १९७१ पर्यंत लोक तो जिवंत पाहत होते. त्या दिवसापासून इंग्लंडात कार्पचे जणू वेडच लागले.

आणि इथे एक नवीनच अडचण उभी राहिली. मासा शिकतो. एखाद्या आमिषावर चारदोन मासे धरले गेले आणि परत सोडले गेले की, बाकीचेही त्या आमिषाला बिचकू लागतात. तिथे जाडेभरडे मासे बहुधा परत पाण्यातच सोडतात, म्हणून पाण्यात शहाणे मासे साठत जातात! तेव्हा १९७० च्या दशकात रॉड हचिन्सन आणि त्याच्यासारख्या गळकऱ्यांनी दाण्यांची युक्ती काढली. पावाचा एक मोठा गोळा टाकण्याऐवजी शेकडो लहान दाणे पाण्यात विखरायचे. मका, चवळी, वाटाणे आणि आपला हरभरा. हे विदेशी दाणे तिथे मिळू तरी कसे लागले? इंग्लंडात स्थायिक झालेल्या भारतीय आणि पाकिस्तानी लोकांच्या दुकानांत काबुली चणे पोत्यांनी असत. छोल्यांसाठी आलेला चणा असा तळ्याच्या तळाशी जाऊन बसला.

ही युक्ती का चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. एकच मोठा घास दिसला तर मासा विचार करतो. पण तळाशी एकसारखे शेकडो दाणे पसरलेले असले की, तो एक खातो, दुसरा खातो, आणि हळूहळू त्याला त्या दाण्याशिवाय दुसरे सुचेनासे होते. मग त्या शेकड्यात एका दाण्याला गळ आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आपण एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो ना, त्यातलाच हा प्रकार!

त्यातही हरभऱ्याचे काही खास गुण आहेत. तो पाण्यात बुडतो आणि तळाशी पडून राहतो. त्याचे साल चिवट, त्यामुळे गळावर टिकतो. आकाराने मोठा, म्हणून लहानसहान मासे त्याला सहसा कुरतडत नाहीत. आणि स्वस्त. पण तो तयार करण्याची रीत आहे, आणि ती आपल्या घरोघरच्या बायकांना कोणी शिकवायला नको. कोरडे हरभरे रात्रभर, म्हणजे बारा ते चोवीस तास भरपूर पाण्यात भिजत घालावेत. मग वीस-तीस मिनिटे चांगले उकळावेत आणि त्याच पाण्यात निवू द्यावेत. बोटाने दाबला तर दबला पाहिजे, पण गळ टोचताना फुटता कामा नये. उसळीला लागतो त्याहून किंचित कमी, असे समजा.

भिजवण्या-शिजवण्याचा हा खटाटोप चवीपुरताच नाही. कोरडा हरभरा पाणी पिऊन वजनाने जवळजवळ दुप्पट होतो. तो कच्चाच माशाच्या पोटात गेला तर तिथे फुगण्याचे भय. शिवाय कच्च्या कडधान्यात अन्न पचू न देणारी काही द्रव्ये असतात. ती उष्णतेने नाहीशी होतात. म्हणून तिथल्या पुष्कळ मंडळांनी आपल्या तळ्यांवर नियम केले. कोठे दाणे नीट शिजवलेलेच हवेत, कोठे ते ठरावीक मापापेक्षा जास्त टाकायचे नाहीत, कोठे ते मुळीच चालणार नाहीत. न खाल्लेले दाणे तळाशी कुजून पाणी बिघडते, हेही त्यामागचे एक कारण. मासा धरायला आलेल्या माणसानेच माशाच्या पोटाची काळजी करावी, हे ऐकायला विचित्र वाटते. पण ज्याला उद्याही मासा हवा आहे, त्याला ती करावीच लागते. दाण्याची कीर्ती मात्र वाढतच गेली. १६ जून १९८० रोजी त्याच रेडमायर तळ्यावर ख्रिस येट्स ह्याने साडेएकावन्न पौंडांचा, म्हणजे २३ किलोंहून मोठा कार्प धरला. त्याच्या गळाला होते मक्याचे तीन दाणे.

तारीख १६ जून हीसुद्धा काही आपोआप आलेली नाही. इंग्लंडात १८७८ च्या कायद्याने जाडेभरड्या माशांसाठी बंदीचा काळ ठरवला. १५ मार्च ते १५ जून हे अंडी घालण्याचे दिवस; तेव्हा गळ टाकायचा नाही. १६ जून हा मोसमाचा पहिला दिवस. तळ्यांसाठी ही बंदी पुढे सैल झाली, पण नद्यांवर ती आजही आहे.

आणि ह्याच जून महिन्यात आपल्याकडे काय चालते? मृगाचा पाऊस पडतो, ओढ्यांना पहिले पाणी येते, आणि अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. हे चढणीचे मासे. पोटात गाबोळी भरलेली, अंगात पळण्याचे त्राण नाही; आणि आपण काठ्या, कोयते, टोपल्या घेऊन त्यांच्यावर धावतो. ज्या दिवसांत इंग्लंडच्या गळकऱ्याला काठी खाली ठेवावी लागते, नेमके तेच काम असलेले आपले दिवस उत्सवाचे होतात. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, हे शिक्षकांनी मुलांना एकदा दाखवले तरी पुष्कळ होईल.

ह्यावरून आपल्याकडे मासा राखण्याची रीतच नव्हती असे मात्र समजू नका. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचे स्थान. ह्या डोहातला मासा कोणी मारत नाही. लोक त्याला खाऊ घालतात. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या काठी महादेवाचे देऊळ आहे, तिथलीही रीत हीच. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर यात्रेकरू माशांना चुरमुरे टाकतात. आता विचार करा: संध्याकाळी माल्ट टाकून पहाटे येणारा वॉल्टन आणि डोहात मूठभर दाणे टाकणारा यात्रेकरू, दोघांचा हात एकाच तऱ्हेने उघडतो. माशाला सवय लागते तीही एकाच तऱ्हेने. दाण्यात ना पाप, ना पुण्य. दाणा टाकणाऱ्याच्या मनात उद्या काय आहे, त्यावर सगळे ठरते.

ह्या दोघांशिवाय एक तिसरा हात आहे, आणि खरी धास्ती त्याची आहे. तो डोहात दाणा टाकत नाही. सुरुंगाची दारू टाकतो, विष टाकतो. त्याला कोणता मासा काय खातो हे ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही नसते. खडशी मरते, मळ्या मरतो, बोटाएवढी पिल्ले मरतात, तळचे किडे मरतात. १८९७ साली हिंदुस्थान सरकारने मत्स्यव्यवसायाचा कायदा केला आणि पाण्यात स्फोटके व विष घालून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. कायद्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पण रानातल्या डोहावर शिपाई कोठून येणार? तिथे कायदा गावानेच राखायचा असतो, वाळणने राखला तसा.

आपल्या नद्यांतले मासे ओळखण्याचे कामही असेच गावाच्या मदतीने झाले आहे. इंग्रजी अमलात मुंबई सरकारच्या नोकरीत कर्नल साइक्स नावाचा अधिकारी होता. त्याने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ साली त्यांचे वर्णन लंडनच्या विद्वानांपुढे मांडले. नावे देताना त्याने काय केले? इथल्या लोकांनी सांगितलेली मराठी नावेच लॅटिन सोंग देऊन घेतली. पुण्याच्या मुळामुठेतल्या खडशीचे शास्त्रीय नाव आजही 'टोर खुद्री' असे आहे. त्यातले खुद्री हे नाव त्याने इथेच ऐकलेले. कोळशी माशाच्या शास्त्रीय नावात 'कोलस' आहे. म्हणजे जगातल्या प्रत्येक प्राणिशास्त्राच्या ग्रंथात आमच्या भोयांचे शब्द जाऊन बसले आहेत; सांगणाऱ्या भोयांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

पुढे धरणे झाली, पाणी अडले, काही ठिकाणी गढूळ आणि घाण झाले, आणि खडशी दुर्मिळ होऊ लागली. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून ह्या माशाची पैदास करून पिल्ले तलावांतून सोडण्याचे काम हाती घेतले. दुसरीकडे, तोच परदेशी कार्प १९३९ साली निलगिरीत आणि १९५७ साली बँकॉकहून कटकला आला. आज आपल्या तलावांत आणि बाजारात तो 'सायप्रिनस' ह्या नावाने सर्वांच्या परिचयाचा आहे. पाहुणा घरचा झाला, आणि घरचा मासा पाहुण्यासारखा क्वचित दिसू लागला.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना माझे एक सांगणे आहे. तुमच्या गावात नदी असेल, ओढा असेल, निदान पाझर तलाव तरी असेल. गावात एखादा म्हातारा भोई असेल, किंवा पिढ्यान्‌पिढ्या गळ टाकणारे घर असेल. मुलांना त्याच्याकडे घेऊन जा. माशांची नावे विचारा. कोणता मासा कोठे राहतो, काय खातो, कोणत्या महिन्यात अंडी घालतो, पूर्वी होता आणि आता दिसत नाही असा कोणता, हे विचारा. मुलांनी ते वहीत उतरून घ्यावे, आणि सांगणाऱ्याचे नाव वर लिहावे. सोमेश्वर राजाने पस्तीसएक मासे लिहून ठेवले, साइक्सने आणखी लिहिले. तुमच्या ओढ्यातले लिहायचे राहिले आहेत.